माहितीचा लेख लिहिताय? आधी राज्य सांगा

'सीईटीचे अर्ज सुरू, शेवटची तारीख जवळ' असा मथळा मोबाईलवर आला की बेळगावच्या बारावीतल्या मुलाने काय समजायचे? त्याच्यासमोर दोन सीईटी आहेत. एक कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, म्हणजे केईएची, जिला सगळे केसीईटी म्हणतात. दुसरी महाराष्ट्राच्या सीईटी सेलची एमएचटी-सीईटी. अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या, गुणांचा हिशेबही वेगळा. केसीईटीच्या इंजिनिअरिंग क्रमवारीत पीयूसीचे गुण निम्मे धरतात; महाराष्ट्राची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. शिवाय महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा उमेदवारांचा वेगळा प्रकार आहे. तो बऱ्याच घरांत माहीतच नसतो. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला यातले काही सांगायची गरज वाटत नाही, कारण त्याच्या वाचकाला सीईटी म्हटले की एकच आठवते. आपल्या वाचकाचे तसे नाही. मथळ्यात एक शब्द कमी पडला आणि पोराचे वर्ष गेले, असे खरेच होऊ शकते.

आपल्या पोर्टलकडे माहितीपर लेख पाठवणारे अलीकडे वाढलेत. निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतून बाहेर पडलेली मंडळी आहेत, पत्रकारिता शिकणारी मुले आहेत. विषय चांगले निवडतात. भाषाही बहुतेकांची बरी असते. तरी बरेच लेख परत पाठवावे लागतात, आणि कारण नेहमी जवळपास तेच असते: लेख वाचून झाल्यावर वाचकाने उद्या सकाळी नेमके कुठे जायचे, काय घेऊन जायचे, हे कळत नाही. म्हणून हा लेख लिहिणाऱ्यांसाठी, आणि आमच्यासारखी छोटी पोर्टल्स चालवणाऱ्यांसाठीही.

एक वारस नोंद, सहा राज्ये

उदाहरण रोजच्या गरजेचे घेऊ. वडील गेले. जमीन थोडी खानापूर तालुक्यात, थोडी चंदगडात. म्हणजे अर्धी कर्नाटकात, अर्धी महाराष्ट्रात. एक भाऊ गावात, एक पुण्यात, बहीण बडोद्याला दिलेली. सीमाभागात अशी घरे शोधावी लागत नाहीत. आता यातला कोणीतरी मोबाईलवर 'वारस नोंद कशी करायची' असे शोधतो आणि त्याला एक छान लेख मिळतो. तलाठ्याकडे अर्ज करा, फेरफार नोंद होईल, नोटीस निघेल, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करील, मग सातबारावर नाव येईल. सगळे बरोबर. फक्त ते चंदगडच्या जमिनीपुरते बरोबर. खानापूरच्या जमिनीला सातबारा नाहीच. तिथे आरटीसी आहे, ज्याला आपण नुसता 'उतारा' म्हणतो आणि कन्नडमध्ये 'पहाणी' म्हणतात. तो 'भूमी' या प्रणालीतून निघतो. अर्ज नाडकचेरीत, आणि कामाचे नाव 'पौती खाते'. सोबत वंशवृक्ष लागतो. लेखात 'पौती' हा शब्दच नसेल तर आपला माणूस नाडकचेरीच्या खिडकीवर 'वारस नोंद, वारस नोंद' करत उभा राहतो आणि पलीकडचा कारकून त्याच्याकडे बघत राहतो.

गंमत म्हणजे 'पौती' हा शब्द परका नाही. मुळात तो 'फौत', म्हणजे मयत. जुन्या मराठी कागदपत्रांत तो जागोजागी आहे. मध्य प्रदेशात याच कामाला 'फौती नामांतरण' म्हणतात, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकाला सीमाभागातला शब्द लगेच कळेल. पण त्याच्याकडे सातबारा नाही, आरटीसीही नाही. तिथे खसरा आणि बी-१ खतौनी, आणि माणूस तलाठी नव्हे, पटवारी. बडोद्यात मात्र सातबारा आहेच, गाव नमुना ७/१२ आणि ८-अ, कारण १९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते आणि महसुली नमुने तेच राहिले. कामाचे नाव तिथे 'वारसाई'. हैदराबादकडे 'विरासत' हा शब्द अजून चालतो आणि हातात पट्टादार पासबुक असते.

गोव्यात तर नुसत्या शब्दांचा फरक नाही, कायदाच वेगळा. तिथे उतारा 'एक-चौदा'चा, म्हणजे फॉर्म १ व १४ चा. वारसा हक्काला १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा, आणि आता त्यावर २०१२ चा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा. मालमत्तेचा निम्मा भाग मुलाबाळांसारख्या जवळच्या वारसांसाठी राखीव असतो. मृत्युपत्र करूनसुद्धा बाप तो सहजासहजी दुसऱ्याला देऊ शकत नाही. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरण्याची पद्धत असल्याने व्यवहारात दोघांच्या सह्या लागतात. २००५ ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आणि मुलींचा समान हक्क यावर लिहिलेला लेख मूळ गोमंतकीय वाचकाला तसाच्या तसा लागू पडत नाही. उलट २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की गोमंतकीयाची जमीन गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागतो. बेळगावात घर घेतलेल्या कितीतरी गोवेकरांच्या दृष्टीने ही बातमी फार मोठी. मराठीत ती किती जणांपर्यंत पोचली, कोण जाणे.

आता मोजमापाकडे या, कारण भांडणे तिथेच होतात. आरटीसीवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत, महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये, गोव्यात चौरस मीटरमध्ये. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरांचा हेक्टर. आरटीसीवर २-२० लिहिलेले दिसले की शाळेत दशांश शिकलेला मुलगा त्याला २.२० समजतो, म्हणजे सव्वादोनला थोडे कमी. प्रत्यक्षात ते २ एकर २० गुंठे, म्हणजे सरळ अडीच एकर. तेवढीच जमीन चंदगडच्या सातबारावर जवळपास १ हेक्टर १ आर, म्हणजे '१.०१' अशी दिसेल, आणि घाईने वाचणाऱ्याला वाटेल एकच एकर आहे. आर आणि गुंठा एकमेकांच्या फार जवळ आहेत (गुंठा १०८९ चौरस फूट, आर साधारण १०७६), म्हणून बोलताना लोक एकाला दुसरा म्हणून मोकळे होतात. बोलताना चालते. लेखात नाही. आणि बिघ्याबद्दल लिहायचेच असेल तर कुठला बिघा ते विचारून लिहा, तो प्रांताप्रांतात बदलतो.

अजून एक गोष्ट या विषयावरच्या निम्म्या लेखांत चुकीची असते: 'नोंद झाली की तुम्ही मालक झालात.' महसुली नोंद ही मुळात सारावसुलीसाठीची नोंद आहे. तिच्यामुळे मालकी जन्मत नाही आणि तिच्या अभावी वारसाचा हक्क मरत नाही, हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितले आहे. बहिणीचे नाव आरटीसीवर घातले नाही म्हणून तिचा हिस्सा गेला, असे समजून गप्प बसलेल्या बायका आपल्या भागात थोड्या नाहीत. लेखातले एक बेफिकीर वाक्य त्या समजाला बळ देते.

मग करायचे काय? सहा राज्यांची माहिती एका लेखात कोंबायची का? माझे मत, नाही. एक लेख, एक राज्य. पहिल्या परिच्छेदात, शक्यतो पहिल्याच वाक्यात, राज्याचे नाव आणि त्या राज्यातले कामाचे नाव. 'कर्नाटकातील शेतजमिनीवर वारसाचे नाव लावण्याच्या कामाला पौती खाते म्हणतात. अर्ज नाडकचेरीत होतो.' एवढ्या दोन वाक्यांनी चंदगडवाला परत जातो आणि खानापूरवाला थांबतो. दोघांचेही भलेच झाले. 'जमीन म्हणजे शेतकऱ्याची आई' वगैरे सुरुवात नंतर कुठे बसली तर बसवा, नाही बसली तर सोडून द्या.

नावे सारखी, योजना वेगळ्या

योजनांच्या बाबतीत हाच गोंधळ पैशांपर्यंत जातो. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना' सुरू झाली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'. इंदुरातल्या मराठी घरात दोन्ही नावांचे मेसेज येतात, आणि एकीची कागदपत्रे दुसरीला जोडायचा प्रयत्न होतो. निपाणीच्या बाईला कागलच्या नणंदेकडून कळते की पंधराशे मिळायला लागले. पण त्या योजनेला महाराष्ट्राचे रहिवासी असणे ही पहिली अट आहे. निपाणीत तिच्यासाठी 'गृहलक्ष्मी' आहे, महिना २००० रुपयांची, कुटुंबप्रमुख बाईच्या नावाने, आणि त्यासाठी रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचे नाव असायला हवे. गोव्यात 'गृह आधार' आहे. चौघींच्या अटी चार प्रकारच्या.

याउलट काही योजना खरोखरच सीमा ओलांडून येतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. त्यावर राजकारण भरपूर झाले, मथळे भरपूर आले. पण रुग्णाला हवे असते ते वेगळेच: माझे गाव त्या यादीत आहे का, कुठला दाखला लागतो, कुठल्या हॉस्पिटलात चालते, तिथे गेल्यावर कोणाला भेटायचे. राजकीय बातमी आणि माहितीचा लेख यांत फरक आहे तो इथे. दोन्ही हव्यात, पण एकीत दुसरी मिसळली की ऑपरेशनसाठी पैसे जमवणारा माणूस निवेदने-प्रतिनिवेदने वाचत बसतो.

शेजारच्या भाषेतून आणताना

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकाचे मूळ कागद बहुधा मराठीत नसतात. सरकारी आदेश कन्नडमध्ये, हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत, नाहीतर इंग्रजीत. त्यामुळे आपण सगळे नकळत भाषांतरकार असतो. आणि या भाषांत सारखे दिसणारे शब्द भरपूर, फसवायला बसलेले.

हिंदीत 'आपत्ति आमंत्रित' म्हणजे हरकती मागवल्या आहेत. मराठी वाचकाला आपत्ती म्हणजे पूर नाहीतर भूकंप. हिंदी कोर्टकचेरीत 'राजीनामा' झाला म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड झाली, कोणी पद सोडलेले नसते. 'शिक्षा विभाग'चे भाषांतर कोणी चुकवत नाही, पण 'यातायात पुलिस'ची 'यातायात' मराठीत तशीच राहिली तर वाचकाला वाटते पोलिसांची दमछाक झाली. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय. तिथला 'उपन्यासक' कॉलेजात शिकवतो, कादंबऱ्या लिहीत नाही. आणि सगळ्यात महागात पडणारा शब्द 'खाते'. मराठीत खाते बँकेत असते नाहीतर सरकारचे असते. कर्नाटकात शहरातल्या घराचा, प्लॉटचा करनोंदीचा कागद म्हणजे 'खाता', त्यात पुन्हा 'ए खाता' आणि 'बी खाता', आणि आता 'ई-खाता'. 'ई-खाते उघडा' असे मराठीत लिहिले तर वाचक बँकेत जाईल. अशा वेळी शब्द भाषांतरित करूच नये. तिथे जो शब्द बोलला जातो तोच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्यावा.

उलट बाजूनेही जपायला हवे. आपल्या मंडळींना शुद्ध मराठीचा अभिमान आहे, असायलाही हवा. पण वाचक खिडकीवर उभा राहून जो शब्द उच्चारणार आहे तो लेखात असलाच पाहिजे. हैदराबादेत 'मीसेवा', ग्वाल्हेरात 'लोक सेवा केंद्र', गोव्यात 'मामलेदार', सीमाभागात 'नाडकचेरी' नाहीतर 'ग्राम वन'. महाराष्ट्रातले 'सेतू' या कोणाच्याच उपयोगाचे नाही. पदांची नावे तर दर काही वर्षांनी बदलतात: कर्नाटकातला व्हिलेज अकाउंटंट आता ग्राम आडळिताधिकारी, महाराष्ट्रातला तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी. लोक दोघांनाही तलाठीच म्हणतात. दोन्ही नावे द्या; कागदावर एक असते, तोंडात दुसरे.

शोधणाराही असाच तोंडातला शब्द टाइप करतो. बेळगावचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झाले. तरी कोणी बेळगाव टाकतो, कोणी बेळगांव, कोणी बेलगाम. बडोदा, बडोदे, वडोदरा. इंदूर, इंदौर. सगळी रूपे मथळ्यात भरायची नसतात, ते वाचायला भिकार दिसते. एक रूप ठरवा, दुसरे मजकुरात सहज कुठेतरी येऊ द्या, तेवढे पुरते. आणि मजकूर युनिकोडमध्ये हवा, हे अजूनही सांगावे लागते. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख दिसायला देवनागरी, पण वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. अशा फॉन्टमध्ये अडकलेले कितीतरी चांगले मराठी लिखाण आज शोधून सापडत नाही. तसेच महत्त्वाची माहिती फोटोत लिहून टाकू नका. रंगीत पाटीवर कागदपत्रांची यादी छान दिसते, व्हॉट्सअॅपवर पळतेही. पण ती शोधात येत नाही, आणि ज्याची नजर अधू आहे त्याचा मोबाईल ती वाचून दाखवू शकत नाही.

'काल' आणि 'उद्या' वेबवर चालत नाहीत

छापील पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. 'येत्या शुक्रवारपर्यंत अर्ज करा' लिहिले तरी चालायचे, कारण वाचक त्याच आठवड्यातला. वेबवरचा लेख दोन वर्षांनी कोणाच्यातरी शोधात वर येतो, आणि त्याचा शुक्रवार वेगळा असतो. पूर्ण तारीख, सालासकट. 'यंदा', 'नुकतेच', 'सध्या' हे शब्द माहितीच्या लेखातून काढले तर काही बिघडत नाही. नव्वद टक्के ठिकाणी त्यांच्या जागी तारीखच हवी असते.

तेलंगणाचे उदाहरण बघा. जमिनीच्या नोंदींसाठी तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये 'धरणी' पोर्टल आले. साडेचार वर्षांत त्यावर ढीगभर लेख लिहिले गेले: धरणीवर विरासत कशी करावी, पासबुक कसे काढावे. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या जागी 'भू भारती' आले. जुने लेख अजून वेबवर आहेतच, त्यांच्यावर तारीख नसेल तर हैदराबादच्या मराठी वाचकाला कळायला मार्ग नाही की हे सगळे आता इतिहासजमा आहे. लेख चुकीचा नव्हता, शिळा झाला. म्हणून प्रत्येक माहितीच्या लेखावर दोन तारखा असाव्यात: प्रसिद्ध केव्हा झाला, आणि माहिती शेवटची केव्हा तपासली. नियम बदलला तर जुना लेख गुपचूप काढून टाकू नये. त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहावी की अमुक तारखेपासून हे लागू नाही, नवी माहिती इथे आहे. जुन्या दुव्यावरून येणारा माणूस तरी योग्य ठिकाणी पोचेल.

तपासायचे म्हणजे काय करायचे

'सूत्रांकडून समजते' हे वाक्य राजकीय बातमीत शोभते. माहितीच्या लेखात सूत्र म्हणजे आदेशाचा क्रमांक, तारीख, खात्याचे नाव, कायद्याचे कलम. महाराष्ट्राच्या शासन निर्णयावर संकेतांक असतो, तो द्या. मूळ कागद स्वतः वाचा. दुसऱ्या पोर्टलने त्याचा काढलेला सारांश नव्हे. एका पोर्टलवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे उचलले गेलेले लेख आम्ही ओळखतो, कारण पहिल्याची शुद्धलेखनाची चूकही तिसऱ्यापर्यंत सुखरूप पोचलेली असते.

पण कागद वाचून निम्मेच काम होते. आदेशात लिहिलेले आणि खिडकीवर घडणारे यांत अंतर असते. म्हणून एकदा त्या कार्यालयात जावे आणि तिथल्या कारकुनाला एकच प्रश्न विचारावा: 'साहेब, लोकांचे अर्ज परत का जातात हो?' या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही असे क्वचितच होते, आणि जे मिळते ते कुठल्याही आदेशात सापडत नाही. आधार कार्डावर कन्नड-इंग्रजीत नाव एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरे. मयताच्या दाखल्यावर आडनाव, उताऱ्यावर नुसते वडिलांचे नाव. सीमाभागात एकाच माणसाचे नाव तीन लिप्यांतून फिरून आलेले असते, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त. आपल्या वाचकासाठी लेखातला सर्वांत मोलाचा परिच्छेद बहुधा हाच असतो, आणि तो घरी बसून लिहिता येत नाही.

दुवे देताना सरकारी संकेतस्थळाचाच द्या. पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतो का ते पाहा. योजनांच्या नावाने तयार केलेली खोटी संकेतस्थळे आधार आणि बँकेचे तपशील घेतात. योजनेच्या लेखाखाली सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर द्यायला एक ओळ लागते. सरकारी सेवेसाठी किती शुल्क आहे तेही आकड्यात लिहा. शुल्काचा आकडा माहीत असलेल्या माणसाकडे एजंट जरा बेताने मागतो.

लांबी, मोबदला आणि मशीन

लेख किती शब्दांचा हवा, हा प्रश्न प्रत्येक नवा लेखक विचारतो. विषयाला लागतील तितक्या शब्दांचा. एक काळ असा होता की एकच शब्द पंचवीस वेळा घालून, पाणी ओतून लांबवलेले लेख शोधात वर यायचे आणि अशा लेखांचे कारखाने चालायचे. २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाच्या बदलाने त्यांच्यावर पहिला मोठा घाव घातला. मार्च २०२४ मध्ये ढिगाने तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध नियम आणखी कडक केले, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. तरी पाणी ओतायची सवय गेली नाही, कारण मोबदला अजून शब्दांवर देतात. शब्दाला पैसे दिले तर शब्द मिळतील. चारशे शब्दांच्या लेखासाठी लेखकाने दोन दिवस नाडकचेरीत घालवले असतील तर पैसे त्या दोन दिवसांचे द्यायला हवेत; ही गोष्ट पोर्टल चालवणाऱ्यांनी, आम्हीसुद्धा, हिशेबाला बसताना ध्यानात घ्यायला पाहिजे.

एआयकडून लेख लिहून घेणारेही आता आहेत. शुद्धलेखन, परिच्छेद पाडणे, कन्नड आदेशाचा कच्चा अर्थ लावणे, यासाठी ते कामाचे आहे, नाही असे नाही. पण बेळगावच्या जमिनीबद्दल मराठीत विचारले की ते फार सफाईने महाराष्ट्राचे नियम सांगू शकते. साहजिक आहे, मराठीत जमिनीबद्दल जे लिहिले गेले आहे त्यातले बहुतेक महाराष्ट्राबद्दलच आहे. मराठी म्हणजे महाराष्ट्र, हे पुण्या-मुंबईच्या लेखकांचे गृहीतक मशीननेही उचलले. सीमेबाहेरच्या मराठी माणसाची कामाची माहिती मराठीत मुळातच कमी आहे, त्यामुळे ती कोणीतरी हाताने, पायाने, रांगेत उभे राहूनच गोळा करायला हवी.

पोर्टलवाल्यांसाठी आणखी दोन-तीन गोष्टी. एखाद्या विद्यापीठाने, प्लॉटवाल्याने किंवा हॉस्पिटलने पैसे देऊन लेख छापून घेतला असेल तर वर 'जाहिरात' असे लिहा, मोठ्या अक्षरांत. वकिलाने लेख लिहिला तर त्याचे नाव आणि पेशा द्या, फोन नंबर लेखात घुसवू देऊ नका. चूक कळवणाऱ्या वाचकाचे म्हणणे खरे निघाले तर लेखाच्या खाली, काय बदलले आणि केव्हा, हे लिहा. आणि मथळा लेखकावर सोडा, किंवा निदान बदललेला मथळा त्याला दाखवा. 'आता घरबसल्या मिळणार उतारा' असा मथळा घालून आत नाडकचेरीत जायला सांगणारे लेख काही कमी नाहीत.

लेख पाठवताना मजकुरासोबत मूळ आदेशाचा फोटो किंवा फाइल, ज्या कार्यालयात विचारले त्याचे नाव, आणि माहिती तपासल्याची तारीख एवढे जोडा. मथळ्यात राज्याचे नाव घाला. वारस नोंदीवर कर्नाटकापुरता आणि महाराष्ट्रापुरता असे दोन स्वतंत्र लेख हवे आहेत; गोव्यातल्या एक-चौदावर आणि ग्वाल्हेर-इंदूरकडच्या फौती नामांतरणावर तिथल्याच कोणी लिहिले तर फार बरे होईल. बडोद्याहून 'वारसाई'वर लिहिणारे कोणी असेल तर गुजराती नमुन्यातल्या रकान्यांची नावे गुजरातीत जशी आहेत तशी देवनागरीत लिहून पाठवा, अर्थ कंसात नको, पुढच्या वाक्यात द्या.